टोकन नंबर दोनशे अठरा

लेबलवर लिहिलं होतं जर्मनी.
जगात जर्मनी, देशात परभणी, म्हटलं मी,
बरोबर पत्त्यावर आलंय की.
ती हसली नाही. द्वारका डोईफोडे,
जिंतूर रोडच्या शाळेत पीटीची बाई,
हिमाचलातल्या कुठल्याशा शिखरावरून
चार दिवसांपूर्वी उतरलेली, गालांची सालं निघालेली.
ड्रायक्लीन नका करू, म्हणाली, पाण्यातच धुवा.
आत बदकाची पिसं आहेत.

एकतीस वर्षं झाली या धंद्यात.
पोलिसांची खाकी, वकिलांचे कोट, हळदीचे शालू,
एकदा बँडवाल्यांचे सतरा झगे
झालर न उसवता धुतले.
पण बदक?
हाताला वजनच लागेना जाकिटाचं.
वास मात्र होता. रॉकेल, घाम,
आणि तिसरा कसला तरी,
पहाटेच्या रिकाम्या घागरीला येतो तसला.

पावडर चालत नाही, पिसांतलं तेल मरतं,
म्हणून तिनंच दिलेला पातळ साबण, दोन झाकणं.
टपात बुडवलं तर बुडेना,
हवा धरून परत वर.
शेवटी बदकच ते.
दाबत राहिलो, तेव्हा कुठं श्वास सोडला.
पिळायचं नाही. एका हातानं उचलायचं नाही,
ओलं पीस जड होतं, आतले पडदे फाटतात.
विहिरीतून काढलेलं करडू धरावं
तसं खालून दोन्ही हातांवर घेतलं
आणि खंगाळलं. एकदा. दोनदा.
तिसऱ्यांदाही फेस.
चौथ्या पाण्याला कुशावर्ता दारात येऊन उभी.
पिंपाकडं बघितलं, मग माझ्याकडं.
"नळ दहा दिवसाला येतो.
त्या डोंगरावर इतका बर्फ होता म्हणं,
तिथंच धुऊन नव्हतं का यायचं?"
पण फेसाचं पाणी तिनं मोरीत जाऊ दिलं नाही,
बादल्या झाकून संडासापाशी नेऊन ठेवल्या.

गच्चीच्या सावलीत, त्रेचाळीस अंशांत,
वरचं कापड तासाभरात कोरडं.
आत मात्र गोळे, भिजलेल्या सरकी पेंडीसारखे.
म्हणून नानलपेठेत हबीबमामूंकडं गेलो.
फोमच्या गाद्या आल्यापासून
त्यांची धुनकी खिळ्यालाच.
मामूंनी डोळे मिटून एकेक कप्पा चाचपला.
"ये रुई नै रे. रुई को मारना पडता.
इसको मनाना पडता."
आणि चिमटीत धरून धरून
गोळा न् गोळा सुटा करत बसले, असरच्या अजानीपर्यंत.
शिवणीतून एक पीस डोकावलं.
मी ओढायला गेलो, तर हातावर चापट.
"खींच नक्को! एक के पीछे सब आते."
मागून कापड धरलं, जरासं चोळलं,
पीस मुकाट आत गेलं.

उरलेली ओल ड्रायरमध्ये, मंद आचेवर,
सोबत टेनिसचे तीन चेंडू, पिसं झोडायला.
चेंडू गल्लीतल्या पोरांचे.
सात बॉलांत नऊ हवे असताना मॅच थांबली,
सगळी टीम माझ्या पायरीवर कान देऊन.
धप. धप. धप.
"काका, आत कोण बॅटिंग करायलंय?"

बाहेर काढलं तर ओळखू येईना, असं फुगलेलं.
दाबून ठेवायचं नाही, म्हणाली द्वारका, टांगूनच.
पण माझी खोली एक, त्यात तिघी राहतो.
तुमच्याकडंच राहू द्या.
पुढच्या डोंगराचं विचारलं तर
खिडकीबाहेर बघत म्हणाली, बघू.

तेव्हापासून ते हवालदाराची खाकी
आणि एका वकिलाच्या कोटाच्या मध्ये आहे,
पंख्याच्या वाऱ्यावर सगळ्यांत आधी हलतं.

काल दुपारी लाईट गेली.
शटर अर्धं ओढलं आणि ते घातलं मी.
का, ते विचारू नका.
डोंगर वगैरे काही दिसला नाही.
माझीच ऊब माझ्याकडं परत आली, दुपटीनं,
जणू इतके दिवस कुणी जपून ठेवली होती.
मिनिटभर. फार तर दोन.

कॉलरला घाम लागला.
आता परत धुवावं लागणार.
नळाला अजून सहा दिवस.