पहाटे तीनची नोंद

दर तीन तासांनी. छत्तीस वर्षं.
दिवस बहिणीचा, रात्र माझी.
बेरू बेटाच्या धावपट्टीशेजारी,
जिथं डुकरं हाकलल्याशिवाय विमान उतरत नाही,
वारा लिहिला: दिशा, वेग,
खाली सही, नेई मायरेरे.

वारा इथं बहुतेक पूर्वेचाच.
मुलं म्हणायची, आई रोज तेच लिहून पगार घेते.
मलाही तसंच वाटायचं.

मग तरावाहून बोट आली: मैदा, रॉकेल
आणि एक पत्र. दूरच्या कुणा बाईनं माझ्या वह्या
बेरजेला लावलेल्या. तेरा हजार दिवस
एकावर एक ठेवले, पातळ कागदासारखे,
उजेडात धरले,
तेव्हा त्या सपाट वाऱ्यात श्वास दिसला.
दोनदा चढतो, दोनदा उतरतो,
सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर,
तोही भर समुद्रावर,
जिथं त्याला ढकलायला डोंगर नाही, तापायला वाळू नाही.

बॅरोमीटरचा काटा दहाला वर, चारला खाली
हे मला पाठ होतं, माडावर चढणाऱ्यांच्या
दोन वेळांसारखं.
वाराही त्याच्या मागे मागे जातो,
हे नव्हतं माहीत.

पत्राच्या शेवटी: पहाटे तीनच्या नोंदींसाठी
विशेष आभार. इतर बेटांवर ते रकाने कोरे असतात.

आता सांगून टाकते.
तियाओनला दात येत होते
आणि त्याचा बाप जर्मन जहाजावर होता, त्या वर्षी
मी तीनला उठलेच नाही.
चटईवर पडल्या पडल्या, पोर छातीशी,
झावळ्या ऐकल्या
आणि सहाला दोन्ही आकडे एकदम लिहिले.
एक पाहिलेला, एक ऐकलेला.
कधी कधी तर ऐकलेलाही नाही.

तेरा हजारांत तीनशे-साडेतीनशे रात्री.
त्या बाईंच्या श्वासात
माझ्या पोराचाही थोडा मिसळला असेल.

खरं ते कळवावं म्हणून दिवा लावला,
दोन ओळी लिहिल्या, एक खोडली.
घड्याळात तीन वाजत होते.
खांब मागच्या वर्षीच काढून नेला,
आता यंत्र आपलं आपण लिहितं.

तरी बाहेर गेले.
केस वर बांधले, मान उघडी ठेवली.
पूर्व.
चार मीटर.
किंवा थोडा कमी.