ताळा

इन्व्हरकार्गिलला वारा पडत नाही.
आम्ही त्याला वारा म्हणतच नाही, दिवस म्हणतो.
अशाच एका दिवशी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी,
मी बिझनेस डिप्लोमाच्या वर्गात जाऊन बसले.
खांद्यावर पोराची जुनी रग्बीची पिशवी,
डाव्या अंगठ्यावर सत्तावीस वर्षांच्या
मेंढ्यांच्या कारखान्याचा पांढरा वण.

कारखाना बंद झाला त्या दिवशी साहेबांनी
एकेकीला केकचा तुकडा दिला
आणि एक रंगीत पत्रक : पुन्हा शिका.
केक बरा होता.

शेजारी यास्ना. पुंता अरेनासची,
चिलीच्या अगदी शेपटीजवळची.
पहिल्याच तासाला तिनं वहीत नकाशा काढला,
"तुमच्याकडून सुटलेला वारा
मध्ये कुठं न टेकता आमच्या अंगणात येतो.
दोरीवरचे कपडे उडाले, की आई
तुमच्या देशाला शिव्या घालते."

अर्जावर दोन चौकोन होते, स्थानिक आणि परदेशी.
मी पहिल्यात खूण केली, तिनं दुसऱ्यात.
तेवढ्या एका खुणेपायी
तिची फी माझ्या चौपट.
खुर्च्या सारख्याच डुगडुगत्या,
खिडकी दोघींनाही न लागणारी,
आणि आलिस्टर सर तर
दोघींनाही सारखंच न कळेल असं शिकवायचे.

जे येतं ते नावे, जे जातं ते जमा.
पोरं जांभया देत होती.
मी पेन खाली ठेवलं.
घर आलं ते नवऱ्याच्या नावे,
गाडी आली ती बँकेच्या नावे,
आणि जे गेलं ते कुठं जमा झालं
हे आजवर कुणी विचारलंही नव्हतं.

प्रकल्पासाठी आम्ही कॅफे काढलं.
कागदावर. बंदराजवळ, बारा टेबलं.
मी म्हटलं चीज रोल, ती म्हणाली एम्पानादा,
दोन दिवस अबोला. मग दोन्ही.
स्थिर खर्च तिनं लिहिले, बदलते मी.

सादर करायच्या आदल्या रात्री
ताळेबंद जुळेना.
फरक चारशे पन्नास.
लायब्ररीतले अर्धे दिवे गेलेले,
तिला पहाटे सुपरमार्केटात मासे बर्फावर मांडायचे होते.
मला एकदम आठवला विरेमू,
कारखान्यात मेंढ्यांची मोजणी लिहिणारा म्हातारा :
फरकाला नवानं भाग गेला ना,
तर कुठंतरी आकडे उलटे पडलेत.
गेला. नऊ पन्नास चारशे पन्नास.

मग सापडलं.
कॅफेचं आठवड्याचं भाडं सातशे वीस,
तिसऱ्या पानावर दोनशे सत्तर.
विरेमूचा नियम खरा ठरला,
पण आकडे काही उलटे पडले नव्हते.
"हे माझ्या खोलीचं भाडं आहे," यास्ना म्हणाली,
"दर गुरुवारी लिहून लिहून
हात आपोआप तेच लिहितो."
ती हसली. मी हसले नाही, मग हसले.

गुण बरे मिळाले.
नावलौकिक या सदरात आम्ही चार हजार धरले होते,
त्याच्याखाली सरांची लाल शाई :
कशाच्या आधारे?

दुसऱ्या सत्रात तिची खुर्ची रिकामी.
फीचा हप्ता, की व्हिसा, की आई,
कुणी काही म्हणालं, कुणी काही.
तिला निरोप पाठवला. दोन निळ्या खुणा,
उत्तर नाही.

कधीमधी मी ती फाइल उघडते.
कॅफे सुरूच आहे.
बारा टेबलं, चीज रोल, एम्पानादा,
भाडं सातशे वीस, वेळेवर चुकतं,
आणि तिसऱ्या वर्षी चक्क नफा.

आज सकाळी दोरीवरचा एक मोजा उडाला.
मी शोधायला गेले नाही.