मोतीबागचं वाळवण

सात सामने, दोन गोल.
त्यातला एक त्यांच्याच बॅकच्या
गुडघ्याला लागून गेलेला.

कामठीचा इफ्तेखार पेनल्टीआधी
बॉल शर्टानं नीट पुसायचा,
मग बारवरून थेट
रेल्वे क्वार्टरमधल्या कुरड्यांत.
‘काऊन बे?’ म्हटलं की हसायचा.

शेवटच्या मॅचनंतर कोणी बोललंच नाही.
मेश्राम सरांनी तर्री-पोह्यांचे पैसे दिले,
चौदा प्लेटींचे,
बेंचवरचे तिघंही धरून.
त्या तिघांत मी.

वीस वर्षं झाली.
उन्हानं पांढरं पडलेलं मैदान
कधी बसमधून दिसतं.
हरल्याचं आता काही वाटत नाही.
पण बॉल मागायला
दरवेळी मलाच पाठवायचे,
आणि मोडक्या कुरड्या वेचता वेचता
ती बाई विचारायची,
‘जिंकून राहिले ना रे पोट्टेहो?’

मी हो म्हणायचो.