दहा मिनिटं

डंडीत डिसेंबरला चारलाच अंधार.
हीटर सुरू, खिडक्या बंद,
आणि ऋजुताच्या कोपरांच्या घडीत
इसब पुन्हा जागा होतो.

दिवा हप्त्यावर घेतलाय, पाटाएवढा.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, करून बघा,
मलम मात्र सोडू नका.
म्हणजे त्यांनाही नक्की ठाऊक नसावं.

काळा चष्मा लावून ती हात पुढे करते,
बांगड्या भरायला बसवलेल्या पोरीसारखी,
जरा मागे ओढतच.
मी बटण दाबतो.
खोलीभर कोकमाचं सार सांडतं.

समोरच्या मॅकअल्पाइनबाईंनी परवा विचारलंच,
फोटो धुता का हो घरी?
हो म्हणून टाकलं.

हे ऐकून ती हसली.
उन्हाळ्यातही बाह्या मनगटापर्यंत ओढणारी पोर
दिव्यासमोर बोलायला लागली.
पोहण्याच्या तासाला पोटदुखीची चिठ्ठी
तिनंच लिहिली होती म्हणे,
खाली माझी सही.
मी विचारलं, जमली का?
तुमच्यापेक्षा बरी, म्हणाली.

चादरीवरचे ठिपके मी गार पाण्यात भिजवतो.
रविवारी तिची नखं कापतो, अगदी मुळाशी.
चट्टे? डावा निवलाय थोडा.
उजवा आहे तसाच, किंवा नसेलही,
या उजेडात सगळंच लाल,
माझे हातसुद्धा.

टायमर वाजतो.
ती चष्मा काढत नाही.
बाबा, मान राहिली, म्हणते.

मानेवर काहीच नाही तिच्या.
मी पुन्हा दहा मिनिटं लावतो.