गाळलेल्या जागा

डंडीत नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
टे नदीवरचा पूल धुक्यात अर्धाच दिसतो,
उरलेला असेल, असं धरून चालायचं.

जेल अजून चाळीस मिनिटं धावणार.
एली मला तिच्या नावाचं स्पेलिंग शिकवते:
शेवटची दोन अक्षरं लिहायची, म्हणायची नाहीत.
मग ठेवलीत कशाला?
"तुझ्या पेशींना विचार की," म्हणते
आणि ग्लोव्ह्ज बदलते.

खरंय.
तीसेक तुकड्यांचं हे जनुक,
आणि तुकड्यांच्या मधे
लांबच लांब न बोलणारी अक्षरं.
पेशी आधी सगळं उतरवून घेते, इमानेइतबारे,
मग कात्री हातात घेते.

टी-पेशी कोरी असते तेव्हा
चौथा तुकडा, पाचवा, कधी सहावाही
अंगावर वागवते.
रिसेप्टर लांब, झालरीझालरींचा,
बारशाच्या झबल्यासारखा.
एकदा खऱ्या जंतूशी गाठ पडली
की हळूहळू तिन्ही गळतात.
त्या आखूड झालेलीलाच म्हणायचं
स्मरणपेशी.

दर रविवारी मी बाबांना फोन करते.
थंडी? आहे. जेवलीस? हो.
व्हिसाचं पत्र गाळते,
गळका बॉयलर गाळते,
आणि एक गोष्ट, जी अजून मलाही नीट सांगितलेली नाही.
उरलेलं जोडून घेतलं की शिवण दिसत नाही.
बाबा म्हणतात, आज आवाज अगदी स्वच्छ येतोय.

अंधाऱ्या खोलीत जेल उजळतं.
स्मरणपेशींच्या पट्ट्या खाली, एका ओळीत.
फक्त एकतीस नंबरची
एक खाली, एक वरच अडकलेली.
पुन्हा धावून बघितलं. तसंच.
चौथ्या तुकड्यात एका सीच्या जागी जी,
एवढंच.
प्रथिनाला कळतही नाही, अर्थ तोच राहतो,
पण तो तुकडा आता
गाळता येत नाही.

कोण असेल हा एकतीस?
डब्यावर वय आहे, बाकी काही नाही.
सगळं बघून झालं तरी
अंगावर पहिलं झबलं तसंच.

एली वहीत नोंद करते,
समोर माझं नाव लिहिते: इंड्रा.
इंद्रायणीतलं एवढंच इथे चालतं.
मी दुरुस्त करत नाही.

बस चुकते. थांब्यावर वारा.
आज बुधवार आहे,
तिकडे रात्रीचे अकरा वाजून गेलेत,
तरी नंबर लावते.
"काय गं, काय झालं?"

काही नाही, बाबा.
बॉयलर गळतोय.