वाळा

सोहारच्या नर्सरीत
कढीपत्त्याची कुंडी उपडी केली
तर मुळांच्या गुंत्यातून निसटला काळसर दोरा.
बाबुकुट्टीने फावडं उगारलं.
थांब रे, वाळा आहे.
आमच्याकडे गुहागरला न्हाणीत निघतो,
मुंग्यांची अंडी खातो, डोळे नावापुरते.

करंगळीला वेढा घातला त्याने,
लेकीच्या पायात होता तेवढाच.
शेपटीने टोचून पाहत राहिला.
ह्यांच्यात नर नसतोच म्हणे,
एकटीच येते, एकटीच अंडी घालते.
म्हणजे, ती.

कुठल्या बंदरातून आली, कुणी विचारलं नाही.
माझ्या पासपोर्टावर अकरा शिक्के,
आणि तो मालकाच्या कपाटात.

ठिबकच्या नळीखाली ओली माती उकरून दिली.
वर सत्तेचाळीस अंश.
आत शिरताना तिने मागे पाहिलं नाही.
पाहणार तरी कशानं.