तळटीप

तार्तूच्या विद्यापीठात, तळघरातल्या तिसऱ्या कपाटात
हिल्वेच्या एकोणचाळीस वह्या.
हुद्दा : काचसामान धुणारी.

कामावर येताना ती पुलावर थांबायची,
नदीतला बर्फ कधी फुटला, लिहून ठेवायची.
कुणी सांगितलं नव्हतं.

बेचाळीसच्या पानावर :
"पूल नाही. काठावरून पाहिलं.
बर्फ गेला. प्रोफेसरही गेले."
कुठे, ते लिहिलेलं नाही.

आता मार्गुस तिच्या तारखांचा आलेख काढतोय;
वसंत म्हणे अकरा दिवस अलीकडे सरकलाय.
प्रबंधात ती तळटीप क्रमांक सतरा,
आडनाव चुकलेलं.

एक नोंद मात्र त्याच्या आलेखात कुठेच बसेना.
सत्तावन्न साल, पेन्सिलीची तिरकी ओळ :
"आज आधी ऐकू आला.
मग दिसला."